वजडीचा डाग

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना कोट आहे आणि मला वास येतो. मी काचेच्या पेटीत बंद आहे म्हणून तुम्ही इतक्या जवळ उभे राहू शकलात. पेटीचं दार कुणी उघडलं असतं, तर तुमच्यातले निम्मे जण एव्हाना जिना उतरून पळाले असते, आणि मी त्यांना मुळीच दोष दिला नसता.

जन्मतः मी असा नव्हतो. इटलीतल्या बिएल्लाच्या गिरणीतली मऊ लोकर, अंकोनाच्या एका वयस्कर शिंप्याचा हात, आतून रेशमी अस्तर आणि शिंगाची बटणं. रंग दुधाळ कॉफीचा. एर्मेते मोरिक्की नावाच्या माणसाला फुटबॉलच्या प्रशिक्षकाची पहिली नोकरी लागली, तेव्हा त्याच्या बायकोने, नॉर्माने, मला त्याच्यासाठी शिवून घेतलं. "मैदानाच्या कडेला उभा राहणार आहेस ना, मग जरा माणसासारखा उभा राहा," असं म्हणून तिने मला त्याच्या खांद्यावर चढवलं. त्याने आरशात पाहिलं आणि तो चक्क लाजला.

पुढची कितीतरी वर्षं आम्ही खालच्या लीगमध्ये काढली. गवत कमी आणि चिखल जास्त अशी मैदानं. एर्मेते ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा, मी पावसात भिजून दुप्पट जड व्हायचो. पण घरी आल्यावर नॉर्मा मला रुंद खांद्याच्या हँगरवर वाळवायची, ब्रशने घासायची, खिशात लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवायची. तेव्हा मला वाटायचं, सगळ्याच कोटांचं असंच चालत असेल.

मग कास्तेल्फोस्को गावच्या संघाने एर्मेतेला बोलावलं. या संघाला सगळे रानडुकरं म्हणतात. एर्मेतेने दोन हंगामांत ही रानडुकरं इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सेरी आमध्ये, नेऊन बसवली. गावाने आठवडाभर घंटा वाजवल्या. क्लबचे अध्यक्ष ग्वेरीनो पेत्रेल्ला यांचा भाजलेल्या डुकराचा कारखाना आहे. त्यांच्या हाताला बारा महिने चरबी, लसूण आणि बडीशेप यांचा वास असतो. ऑगस्टमध्ये त्यांनी एर्मेतेचा हात हातात घेतला.

"मिस्टर," ते म्हणाले, कारण आमच्याकडे प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात, "या लीगमध्ये टिकून दाखवा. टिकलो की पुढचा हंगामही तुमचाच. ग्वेरीनोचा शब्द आहे!"

उकाड्यामुळे मी एर्मेतेच्या हातावर टाकलेला होतो; एवढं बोलून त्यांनी मायेने माझी बाही थोपटली. हात उचलला तेव्हा तिथे पाच बोटांचा तेलकट ठसा होता. एर्मेतेला तो दिसलाही नाही. तो साठीला आला होता, जन्मभर खालच्या लीगमध्येच राबला होता आणि वर राहायची ही त्याची एकुलती एक संधी होती. इथून संघ खाली गेला असता, तर त्याला पुन्हा वर कुणी बोलावलं नसतं. हे तोही जाणून होता आणि नॉर्माही.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही हरायला लागलो. सप्टेंबरभर हरलो, ऑक्टोबरभर हरलो. नोव्हेंबरात उत्तरेकडचा एक बडा संघ आमच्या मैदानावर आला. त्या आठवड्यात एर्मेतेने बचावफळी मोडून नव्याने बांधली होती. कप्तान दुइलियोला मधोमध उभं केलं होतं आणि रोज सकाळी तेच तेच घोटून घेतलं होतं. पण हे कुणाला ठाऊक असणार? आमच्या बाकाच्या वरच्या कठड्याशी एक प्रेक्षक टोमॅटोच्या रश्शातली वजडी खात उभा होता. त्याची सहनशक्ती संपली. "घरी जा, म्हाताऱ्या! नातवंडं सांभाळ!" असं बोंबलत त्याने अख्खी बशी खाली उपडी केली.

ती माझ्या उजव्या खांद्यावर पडली. गरम, तेलकट, बुळबुळीत. एक तुकडा कॉलरच्या आत घरंगळला. शी! आजही आठवलं की माझी लोकर उभी राहते. आणि त्याच क्षणी दुइलियोने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

मित्रांनो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. पण कास्तेल्फोस्कोत असं बोललात तर लोक तुम्हाला वाळीत टाकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्माने मला धुलाईसाठी पिशवीत भरलंच होतं, एवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"मिस्टर, त्या कोटाला पाणी लावाल तर खबरदार! डाग आहे तसा राहू दे. जिंकणारा कपडा धुवायचा नसतो, हे काय मी तुम्हाला शिकवायचं?"

"अध्यक्षसाहेब, ती वजडी आहे," एर्मेते म्हणाला.

"ती लक्ष्मी आहे! तिला हात लावू नका."

एर्मेतेने फोन ठेवला. तो शहाणा माणूस, पण इटलीत वाढलेला. त्याने मला पिशवीतून काढलं, खांद्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून परत खुंटीला अडकवलं. त्यालाही थोडं वाटलंच असणार. वजडी फेकणाऱ्याला क्लबने हंगामभर फुकट खुर्ची दिली.

मग माझे हाल सुरू झाले. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत रांग लागायची. प्रत्येक खेळाडू माझ्या खांद्यावर हात दाबायचा. घामाचे हात, मलम चोळलेले हात, नुकतंच नाक शिंकरलेले हात. दुइलियो तर डागाचं चुंबन घ्यायचा. राखीव गोलरक्षक तळहातावर थुंकून मग हात लावायचा, त्याने म्हणे जास्त गुण येतो. शेवटी अध्यक्ष यायचे, हातातला डुकराच्या मांसाचा पाव दुसऱ्या हातात घ्यायचे आणि मोकळा झालेला हात माझ्यावर पुसून घ्यायचे. भक्ती कुठे संपते आणि हात पुसणं कुठे सुरू होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डाग आधी लाल होता, मग तपकिरी झाला, मग त्यावर हिरवट लव आली. पत्रकार परिषदेत पहिल्या रांगेतले पत्रकार हळूच तिसऱ्या रांगेत सरकू लागले. नॉर्माने मला घरात घ्यायचं बंद केलं. मी बाल्कनीत लटकायचो आणि खाली मांजरं जमायची.

"एर्मेते, यापेक्षा कपाटात एखादं जनावर मेलेलं बरं," ती म्हणायची. "तुझी अक्कल कुठे गेली? सामने तू जिंकतोस की ती वजडी?"

"नॉर्मा, मे महिन्यापर्यंत कळ काढ."

"मे महिन्यात ऊन पडेल. तेव्हा याचं काय होईल, ठाऊक आहे?"

जानेवारीत एर्मेते तापाने आजारी पडला. तो गाढ झोपलेला असताना नॉर्माने बाह्या वर सारल्या, मला टबात घातलं आणि साबण लावून घासलं. मित्रांनो, त्या दुपारी मी रडलो असतो, पण आधीच ओला होतो. पाणी तीनदा काळं निघालं. चौथ्यांदा माझा मूळ रंग दिसला. कसला सुंदर रंग होता माझा, मीच विसरून गेलो होतो!

मला वाळत घालताना मात्र नॉर्माचा चेहरा उतरला. रविवारी सामना होता. संघ हरला आणि कोट स्वच्छ दिसला, तर सगळं खापर एर्मेतेच्या डोक्यावर फुटणार होतं. एवढी एकच संधी, तीही बायकोच्या साबणाने घालवली, असं गाव म्हणालं असतं. वजडीकडे बघूनही जिला मळमळतं, ती बाई बाजारात गेली. तिने वजडी आणली, नाकाला फडकं बांधून शिजवली, आणि माझ्यासमोर उभं राहून उजव्या हाताने पळीभर रस्सा नेम धरून माझ्यावर मारला.

आता गंमत बघा. ती माझ्या समोर उभी होती. तिच्या उजव्या हाताला माझा डावा खांदा होता. नवा डाग पडला तो डाव्या खांद्यावर.

रविवारी एर्मेतेने मला अंगात घातलं, तेव्हा त्याची नजर आधी उजव्या खांद्यावर गेली, मग डाव्या. त्याने नॉर्माकडे पाहिलं. नॉर्मा खिडकीबाहेर बघत होती. जाताना त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या दिवशी खोलीत नेहमीसारखी रांग लागली आणि एकूण एक माणसाने डाव्या खांद्यावर हात दाबला. एकालाही काही वेगळं वाटलं नाही. ज्याची पूजा करत होते, ते त्यांनी कधी धड पाहिलंही नव्हतं. आम्ही दोन-एकने जिंकलो.

संघात नॉर्वेचा सिव्हर्ट नावाचा एक आघाडीचा खेळाडू होता. तो मला हात लावायचा नाही. मार्चमध्ये त्याची पेनल्टी चुकली आणि पुढच्या सामन्याआधी दुइलियोने अन् आणखी दोघांनी त्याचं मनगट धरून त्याचा तळवा माझ्या डागावर दाबला.

"हे घाण आहे," तो म्हणाला.

"घाण तुझी पेनल्टी होती!" दुइलियो म्हणाला. "लाव हात!"

"सोडा त्याला," एर्मेते ओरडला. त्यांनी सोडलं, पण हात लावून झाल्यावर. सिव्हर्टने जाऊन साबणाने हात धुतले. त्या खोलीत साबण वापरणारा तो एकटाच होता आणि त्यासाठी सगळे त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मला हात लावायला जो नकार देतो तोच मला आवडावा, इतकी मला माझी किळस आली होती.

मे महिन्यात शेवटचा सामना आला. बरोबरी झाली असती तरी आम्ही टिकत होतो, हरलो असतो तर खाली जात होतो. भर उन्हात एर्मेते लोकरीच्या कोटात उभा होता. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि माझ्या खांद्यावर माश्या बसत होत्या. मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. उत्तरार्धात दुइलियो चुकीच्या जागी धावायला लागला, एर्मेतेने ओरडून सांगितलं तरी त्याला कळेना. तेव्हा एर्मेतेने मला ताडकन अंगातून काढलं आणि बाकावर सिव्हर्टच्या शेजारी भिरकावलं.

सगळं मैदान खवळलं. "कोट घाल! कोट घाल!" लोक शिट्ट्या मारू लागले. अध्यक्ष वरून हातवारे करत होते. एर्मेते नुसत्या शर्टात मैदानाच्या रेषेवर उभा राहिला, दुइलियोला मागे ओढलं, सिव्हर्टला आत पाठवलं आणि कुठून धावायचं ते हाताने दाखवलं. दहा मिनिटांत सिव्हर्टने नेमकं तिथूनच धावत जाऊन गोल केला. एक-एक. आम्ही टिकलो!

लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले. वाटलं, आता तरी या माणसाला खांद्यावर घेतील. त्यांनी मला घेतलं. "बाकावर कोट सिव्हर्टच्या मांडीला लागला होता! मी डोळ्यांनी पाहिलं!" एक जण रडत ओरडत होता. मी शेकडो हातांवरून गावात फिरलो. एर्मेते घामेजलेल्या शर्टात मागून चालत आला.

जूनमध्ये अध्यक्षांनी त्याला कारखान्यातल्या कार्यालयात बोलावलं. मिरवणुकीनंतर मी तिथेच खुंटीला होतो. एर्मेतेने पुढच्या हंगामाचा विषय काढला, कोणते खेळाडू ठेवायचे ते सांगू लागला.

"मिस्टर, उत्तरेकडचे एक नावाजलेले गृहस्थ यायला तयार झालेत," अध्यक्ष म्हणाले. "टीव्हीवर दिसणारे. तुम्हीच सांगा, गावाचं भलं कशात आहे?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता की! पण तेव्हा आपल्याकडे कोट कुठे होता?"

गरज सरो, वैद्य मरो. एर्मेतेने मला घ्यायला हात पुढे केला.

"कोट राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "तो आता गावाचा झाला."

दारात नॉर्मा उभी होती. खाली गाडीत थांबून कंटाळली आणि वर आली होती. तिने शेवटचं तेवढं ऐकलं.

"गावाचा?" ती म्हणाली. "पेत्रेल्लासाहेब, तुमचा तो डाग मी जानेवारीतच धुतला. साबणाने. हा दुसरा आहे, माझ्या स्वयंपाकघरातला! खरा उजव्या खांद्यावर होता, हा डाव्या आहे. बघा! अर्धा हंगाम तुम्ही माझ्या रश्शाला हात जोडलेत. सामने माझ्या नवऱ्याने जिंकले!"

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. अपशकुन टाळायला त्यांनी आधी टेबलाचा लोखंडी पाय धरला. मग उठून माझ्याजवळ आले, उजवा खांदा पाहिला, डावा पाहिला. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धुतला तरी परत आला," ते पुटपुटले. "आणि खांदा बदलून आला! सिन्योरा, हा तर चमत्कार आहे!" आणि ते जिन्यात जाऊन साऱ्या कारखान्याला हाका मारू लागले.

नॉर्माने एर्मेतेकडे पाहिलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "चल, नॉर्मा," एवढंच म्हणाला. जाताना तिने माझ्याजवळ येऊन माझी कॉलर नीट केली. त्या दिवशी तिने नाक धरलं नाही.

तेव्हापासून मी या पेटीत आहे. खाली पितळी पाटी आहे, तिच्यावर 'गावाला वाचवणारा कोट' असं कोरलंय. एर्मेते मोरिक्की हे नाव तिच्यावर कुठेच नाही. तो पुन्हा खालच्या लीगमध्ये गेला, असं झाडूवाली सांगत होती. आता माझ्या अस्तराला कसर लागली आहे आणि लोक काचेला ओठ लावून जातात. काचही आता बुळबुळीत झाली आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कपडे वेळच्या वेळी धुवा, कोणताही डाग पूजा करण्याइतका मोठा नसतो. आणि कुणी तुमच्यासाठी राबलं, तर त्याचा हात हातात घ्या. त्याच्या कोटाला हात पुसू नका.