टाचेची मोकळीक

दातांच्या कवळ्या बनवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. माणूस कवळी घालून चार शब्द बोलला, की ती कुठे घासतेय ते तो तोंडात न बघता सांगायचा. पण पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पायाचं काय करावं, ते त्याला उमगत नव्हतं.

दर रविवारी तो आणि त्याची धाकटी बहीण सायकलवरून शहराबाहेरच्या टेकडीवर जात. बहीण चांगली पावणेसहा फूट, तरी घरात तिला चिमणीच म्हणत. चिमणी सरसर चढ चढायची आणि माथ्यावरच्या बाकावर त्याची वाट पाहत बसायची. उशीर झाला म्हणून कधी बोलायची नाही, आणि तेच त्याला लागायचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हिनेच महिनाभर रजा काढून त्याला भिंत धरून चालवलं होतं. आता निदान चढावर तरी तिला ताटकळत ठेवू नये, असं त्याला वाटे. पण शेवटच्या वळणावर जोर लावला की उजवा पाय पेडलवरून हमखास घसरायचा. एकदा तर नडगी सोलून निघाली.

"क्लिपलेस पेडल घे आता, दादा," चिमणी म्हणाली. "बुटाच्या तळाला क्लीट असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते. मग पाय घसरायचं नाव नाही."

"अडकते, आणि म्हणायचं क्लिपलेस? नाव सोनूबाई..."

"हाती कथलाचा वाळा. माहितीय. शनिवारी दुकानात चल."

दुकान म्हणजे एक लांबट खोली, छताला टांगलेल्या सायकली आणि नव्या टायरांचा वास. दुकानदारीण तिशीची होती, कानावर पेन्सिल, नखांत ग्रीस. तिने त्याची सायकल जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर चढवली आणि दोन तऱ्हेची पेडलं, त्यांच्या बुटांसकट, समोर ठेवली. एक रुंद, चकचकीत, एकाच बाजूने अडकणारं. त्याची क्लीट मोठी, बुटाखाली फुगून आलेली. दुसरं लहान आणि राकट, दोन्ही बाजूंनी अडकणारं. त्याची क्लीट बोटाच्या पेराएवढी, तळव्याच्या खाचेत लपणारी.

"हेच," चिमणीने रुंद पेडल उचललं. "ते दुसरं डोंगरातल्या सायकलींचं. घोड्यावर गाढवाचं खोगीर कशाला?"

त्याने आधी रुंद पेडलं लावून बघितली. पाय घट्ट बसला, जोर थेट चाकापर्यंत पोचत होता, मजा आली. पण दहा मिनिटांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीक कळ उठली.

"काका, या क्लीटमध्ये टाच जराही हलत नाही," दुकानदारीण म्हणाली. "मोकळीक असलेली लावून देते."

तिने क्लीट बदलली. कळ थांबली. पण पाय सुटला की पेडल फिरून पालथं व्हायचं आणि दर वेळी मान वाकवून ते शोधावं लागायचं. खाली उतरून चार पावलं टाकली, तर गुळगुळीत फरशीवर बूट सटकला आणि त्याने काउंटरच धरला.

मग लहान पेडलं लावली. दुकानदारणीने क्लीटला पकडून ठेवणारी स्प्रिंग पार सैल केली. पाय ठेवला, खट्ट. टाच बाहेर वळवली, सुटला. त्याने डोळे मिटून वीसेक वेळा तेच केलं.

"हीच द्या," तो म्हणाला. "कवळी फार घट्ट केली तर हिरडी सुजते, फार सैल केली तर शिंकेसरशी बाहेर येते. ही बरोबर बसलीयत."

"वजन जास्त आहे हं त्यांचं," चिमणी कुरकुरली.

"काकांनी उद्या नाश्ता थोडा कमी केला की झालं," दुकानदारीण म्हणाली.

रविवारी पहिल्याच सिग्नलला त्याने आठवणीने उजवा पाय सोडवला आणि नेमका डावीकडे कलला. सायकलसकट तो सावकाश आडवा झाला. कोपराला थोडं खरचटलं, एवढंच.

"पडलास?" चिमणीने ओठ चावत विचारलं.

"छे, रस्ता कसा बांधलाय ते बघतोय."

हसून हसून तिचाच तोल जायची वेळ आली.

चढावर मात्र पाय जागचा हलला नाही. शेवटच्या वळणावर तो जागेवरून उठला आणि उभ्यानेच पेडल मारत वर गेला. चिमणी नुकतीच बाकावर टेकत होती.

"अरे, आलास पण!"

"आता तुला ताटकळावं लागणार नाही."

चिमणीने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "ताटकळत कुठे होते रे? डॉक्टर म्हणाले होते, सायकल विसरा. दर रविवारी तू त्या वळणावर दिसलास की बरं वाटायचं मला. म्हणून तर आधी येऊन बसायचे."

तो तिच्याशेजारी बसला. खाली शहराची छपरं उन्हात चमकत होती.

"परत जाताना पुढे मी," तो म्हणाला.

"जा की. फक्त सिग्नलला डावा पाय सोडव."

सोमवारी कामावर जाताना दवाखान्याचे दोन जिने चढताना गुडघा कुरकुरला नाही. त्याने दुकानात फोन करून तसं सांगितलं.

"मग स्प्रिंग जरा घट्ट करू या का, काका?"

"नको," तो म्हणाला. "आहे तेच छान आहे."