चार बोटं खाली

"उस्ता शहाता, असा उभा काय राहिलास? हातोडा आण की!" कर्नल रफअत ओरडले.

रणगाड्याच्या पाठीवरचा पूल उलगडून कालव्यावर आडवा पसरला होता. दोन्ही पाती सरळ झाली होती, पण मधली खिट्टी अर्ध्यातच अडकली होती. ती पुरती बसली नाही, तर पूल म्हणजे नुसती घडी. वर वजन आलं की मिटलाच.

"नाही आणला, अफंदम," मी म्हटलं.

"नाही आणला? शहाता एक वेळ भाकरी विसरेल, पण हातोडा?" खरेदी कमिटीतले सगळे हसले. परदेशी कंपनीचा माणूसही हसला. त्याला आमची भाषा कळत नव्हती, पण माझा ठोका चांगला ठाऊक होता.

विसरलो नव्हतोच. पहाटेच्या नमाजनंतर मीच तो कालव्यात फेकला होता. सव्वीस वर्षं वापरलेला हातोडा, लोखंडावर वळ उठू नये म्हणून उंटाच्या कातड्यात गुंडाळलेला. खिट्टीच्या मानेपासून चार बोटं खाली एकच ठोका घातला, की ती मुकाट बसते. चाचणीत गाडी अडली रे अडली, की 'बोलवा उस्ताला!' मग गाडी पास, कागदावर 'दोष नाही', आणि मला पुदिन्याचा चहा. मी मूर्ख, फुगायचो! पलटणीत गेल्यावर त्या गाडीला माझा हात कुठून मिळणार, हे एकदाही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सरावाच्या वेळी पूल मिटला. चार पोरं बुडाली. गाडीचा चालक होता हिलाल, माझ्या धाकट्या बहिणीचा, नईमाचा, एकुलता एक मुलगा. चौकशीत ठरलं, चूक चालकाची. खिट्टी न बघता पूल टाकला म्हणे. बाकी तिघांच्या आया नईमाच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. ती मला विचारते, "दादा, तू तर त्याच गाड्यांवर असतोस. माझा हिलाल एवढा बेफिकीर होता का रे?" तिच्या हातची मुलुखियाची पातळ भाजी माझ्या घशाखाली उतरत नाही.

आज आणखी चोवीस गाड्या घ्यायच्या की नाही, ते ठरणार होतं. पहिलीच गाडी सगळ्यांसमोर नापास झाली, तर आधीच्याही उघडून बघाव्या लागणार. मग हिलालच्या नावावरचा डाग पुसला जाणार.

कर्नल जवळ आले. "काय झालंय तुला, शहाता?"

"अफंदम, ही खिट्टी ठोकल्याशिवाय बसत नाही. हिलालची गाडीही अशीच होती. मीच ठोकून पास केली होती. 'नापास' लिहा. खाली माझं नाव घाला, मला कोंडा, पण लिहा. तुमच्या हाताचं चुंबन घेतो, लिहा!"

त्यांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "भाच्याचं दुःख आहे, कळतं मला. पण दोन वर्षं झिजलोय या गाड्यांसाठी. खिट्टीचं काय एवढं? उन्हानं फुगली असेल."

"हिलाल गेला तेव्हा हातपाय काकडत होते, अफंदम. तेव्हा कुठलं ऊन होतं?"

ते खाली बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं आणि कारकुनाकडून कागद मागून घेतला. जिंकलो, असं वाटलं मला. नईमाला काय सांगायचं, ते शब्दही मनात जुळायला लागले.

तेवढ्यात मागून एक दबका आवाज आला. धप्प.

सार्जंट बयूमी पुलावर पोटावर आडवा होऊन खिट्टीवर वाकला होता. अकरा वर्षं माझ्या हाताखाली काढलेला गडी. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा हातोडा होता, कातड्यात गुंडाळलेला. खिट्टी मुकाट बसली होती.

"उस्तांची तब्येत बरी नाही, अफंदम," तो तिथूनच म्हणाला. "म्हटलं, मीच बघतो."

मग रणगाडा पुलावरून पलीकडे गेला. काही हललं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्नलनी माझ्याकडे न बघता कागदावर सही केली.

बयूमी पळत पळत माझ्याकडे आला. घामेजलेला चेहरा, तोंडभर हसू. "चार बोटं खाली, उस्ता! बरोबर पडला ना?"

त्याच्या मुस्काटात द्यावी, असं वाटलं मला. ओरडावंसं वाटलं. पण ठोका अचूक पडला होता, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं माझी मान होकारात हलली.