सोयीचं चर्च

“चर्च कुठलंही घ्या, टेकडीवरचं घ्या नाहीतर तळ्याकाठचं. पण लग्नाआधी फादर मुलीला एकटीला बसवून बोलतात, असंच घ्या,” आत्या म्हणाली होती. ताई तेव्हा बाळाचे कपडे बॅगेत कोंबत होती. “हो गं आत्या, बघू,” म्हणाली, आणि आत्याची पाठ वळताच धाकट्या बहिणीकडे बघून तिनं नाक मुरडलं. आत्याला चांगल्या कार्यातही काहीतरी खटकल्याशिवाय चैन पडत नाही, हे सगळ्या नातलगांत ठरूनच गेलेलं. धाकटी मात्र हसली नाही. बॅगेची चेन ओढत राहिली.

ताई स्वतः काही कमी धास्तीखोर नव्हती. मूल झाल्यापासून कुठल्याही खोलीत शिरली की तिला आधी जिने दिसत, प्लगची भोकं दिसत, टेबलांचे कोपरे दिसत. नवरा म्हणायचा, “तू पाहुण्यांकडे जातेस की तपासणीला?”

धाकटीचं लग्न ठरलं होतं परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाशी. लग्न तिकडेच, मोजक्या माणसांत, छानशा चर्चमध्ये, अशी त्याची हौस. बाबांच्या छातीचं दुखणं, आई त्यांना सोडून निघणार कशी? म्हणून चर्च निवडायला ताई गेली. अंगावर पिणारा ढबू कडेवर, आणि शेजारी धाकटी, जिला घरात सगळे टिटवी म्हणत. सकाळी डोळे उघडले की तिची टकळी सुरू व्हायची ती रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत.

होणारे जावईबापू विमानतळावर गाडी घेऊन हजर होते. ढबूसाठी खास खुर्ची बसवलेली, थर्मासात कोमट पाणी. ताई तिथल्या तिथे विरघळली. गाडीत टिटवी पुढे बसली आणि काचेबाहेर बघत राहिली.

“काय गं, घसा बसलाय का?” ताईनं मागून टोमणा मारला.

“थंडी आहे ना, ताई.”

“इथे लोक हळू बोलतात,” गाडी वळवत तो हसून म्हणाला. “मी तिला फोनवर समजावलंय. शिकतेय हळूहळू.”

ताईही हसली. टिटवीला गप्प करणारा कुणीतरी भेटला म्हणायचा, असंही म्हणाली.

पहिलं चर्च भर चौकात होतं, उंच, रंगीत काचांचं. तो आत न जाता थेट ऑफिसात गेला. लग्नाआधी काय काय करावं लागतं, एवढंच विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, फादर दोघांना भेटतात, आधी एकत्र, मग वेगवेगळं. बाहेर येऊन तो म्हणाला, “फार मोठं आहे. आपली माणसं कोपऱ्यात सांडल्यासारखी दिसतील.” दुसरं विटांचं, बस डेपोमागे. तिथेही आधी ऑफिस, तोच प्रश्न, जवळपास तेच उत्तर. “अंधार आहे,” तो म्हणाला. आतले दिवे अजून लावलेलेच नव्हते. ताईला वाटलं, किती व्यवस्थित माणूस! आपल्या घरातल्या पुरुषांना आयत्या वेळी मोजे सापडत नाहीत.

तिसरं टेकडीच्या उतारावर होतं. दगडी, बुटकं, एखाद्या गोदामाएवढं. म्हातारे फादर सर्दीनं बेजार, कोपरावर उसवलेला स्वेटर. त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं, ढबूच्या तळव्याला बोट लावून त्याला हसवलं आणि मग सावकाश, समजेल अशा इंग्रजीत म्हणाले, “लग्न लावण्याआधी मी मुलीशी दार लावून एकटीशी बोलतो. मग मुलाशी. त्याशिवाय या वेदीपुढे मी कुणालाच उभं करत नाही.”

“आत्ताच बोलायचं का?” टिटवीनं विचारलं.

ती खुर्चीच्या कडेवर आली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज असा टणकन वाजला.

त्यानं तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “अनोळखी माणसांपुढे ती गांगरते, फादर. मी शेजारी बसेन.”

“मग तिची ताई बसू दे,” फादर म्हणाले.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. आणि नेमका ढबू ओला झाला. तो किंचाळून रडायला लागला. खोली बर्फासारखी, कोपऱ्यातल्या गॅसच्या शेगडीला वास, तिच्यापुढे जाळीसुद्धा नाही. सकाळपासून त्याची छाती घरघरत होती. ताईला ती शेगडी सोडून दुसरं काही दिसेना.

“ताई, तळ्याकाठी एक हॉटेल बघून ठेवलंय मी,” तो हळूच मराठीत म्हणाला. “त्यांचं स्वतःचं चॅपल आहे, छोटंसं चर्चच. आत छान ऊब, बाळाला वेगळी खोली. लग्न लावायला माणूसही त्यांचाच. कसल्या मुलाखती-बिलाखती नाहीत. तुमची किती धावपळ होतेय, मला बघवत नाही.”

“ताई, मला हेच आवडलंय,” टिटवी म्हणाली.

“अगं वेडाबाई, इथे ढबूला न्यूमोनिया होईल! फोटोत सगळ्या भिंती सारख्याच दिसतात.” ताईनं दुपटं गुंडाळलं नि उठली. “हॉटेलच बरं. सगळ्यांच्या सोयीचं.”

दाराशी फादर टिटवीला म्हणाले, “मी कुठे जात नाही. रोज इथेच असतो.” तिनं मान हलवली. तोवर त्यानं गाडीचं दार उघडून धरलं होतं.

लग्न थाटात झालं. गुबगुबीत गालिचा, कापडी लिली, छतातून येणारं संगीत. ताई बाळाच्या खोलीत होती, काचेतून सगळं दिसत होतं. हॉटेलच्या माणसानं हसतमुखानं विचारलं, तू स्वखुशीनं या लग्नाला उभी आहेस ना? टिटवीनं आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रस्ता ओलांडताना गाडी येत नाही ना, असं माणूस बघतं तसं. मग हो म्हणाली. ताई खुर्चीतून अर्धवट उठली. पण ढबू नुकताच डोळे मिटत होता, तिनं पाळणा हलवला.

पुढे फोन यायचे. पडद्यावर नेहमी तोच भिंतीचा कोपरा, तीच खुर्ची. “कशी आहेस?” “मजेत.” उत्तराआधी ती पडद्याबाहेर कुठेतरी नजर टाकायची. एकदा ताईनं विचारलं, “कानात काही का नाही गं? आणि हा कानामागे डाग कसला?” तर पडद्याबाहेरून त्याचाच आवाज आला, “ताई, ढबू काय म्हणतो आमचा?” त्या दिवसानंतर फोन थांबले, मेसेज येऊ लागले. ‘बाळाला गोड पापा.’ ताईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. टिटवीनं जन्मल्या दिवसापासून त्याला ढबूशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

ताईनं टेकडीवरच्या चर्चला फोन लावला. फादरांना ती आठवत होती. “आली होती एकदा,” ते म्हणाले. “हातात बाजाराची पिशवी. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ये, बस. तर म्हणाली, गाडीत वाट बघताहेत.”

मग तिथल्या पोलिसांना फोन. ते जाऊनही आले. दार नवऱ्यानं उघडलं, बाई त्याच्या मागे उभी होती, सगळं ठीक आहे म्हणाली.

“तो तिथेच असताना विचारलंत?” ताईनं विचारलं.

पलीकडे कुणीतरी कागद चाळले. मग म्हणाले, तक्रार तिनं स्वतः करायला हवी.

घरी आई म्हणते, नवं लग्न आहे, रुळेल. बाबांना काही सांगायची सोय नाही. पुन्हा तिकडे जायचा ताईचा व्हिसाचा अर्ज नामंजूर होऊन परत आला. ढबू आता धरून उभा राहतो, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटतो, आणि ताईला ते उशिरा कळतं. तिचं लक्ष फोनकडे असतं.

म्हणून आता ती भेटेल त्याला, परदेशात कुणी असेल त्याला, हेच सांगते आणि तुम्हालाही सांगते आहे. तुम्ही तिकडे तळ्याच्या गावात राहत असाल, तर बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, जिथे दिवसासुद्धा पडदे ओढलेले असतात, तिथे एकदा जा. खाली त्याची राखाडी गाडी उभी नसेल तेव्हा जा. साखर मागायला आलो म्हणा, चुकून बेल दाबली म्हणा, काहीही म्हणा. टिटवी दार उघडेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल. तेवढ्यावर जिना उतरू नका. तिथेच उभे राहा, आणि ती आणखी काय म्हणते ते ऐका.