माझ्या तोंडातले बारा सेकंद

मित्रांनो, मी एक मेलेला सॅम्पलर आहे. अशा वेळी 'जुना' म्हणायची रीत असते, ठाऊक आहे मला. पण जुन्या वस्तूला निदान पुन्हा चालू होण्याची आशा असते. मला तीही नाही. ओहायोतल्या एका बर्गरच्या हॉटेलात चार स्क्रूंवर मला भिंतीला ठोकलंय. खाली पितळी पाटी आहे: 'स्लॅग बँडच्या रे हुडाकने स्वतःच्या हाताने फोडलेले यंत्र.' लोक तळलेले कोंबडीचे पंख खातात, चिकट बोटांनी ती पाटी चाचपतात आणि फोटो काढून निघून जातात. फोडलं तेव्हा माझ्या पोटात काय होतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगतो.

सॅम्पलर म्हणजे आवाज गिळणारी पेटी. माइकसमोर जे वाजेल ते मी गिळायचो आणि माझ्या पट्टीवर बोट ठेवलं की तेच बाहेर ओकायचो. जाड करून, बारीक करून, उलटं करून, जसं हवं तसं. माझ्या पोटात बारा सेकंद मावायचे. एवढंच. वीज गेली की पोट रिकामं. म्हणून आवाज फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी ती फ्लॉपी माझ्या तोंडात सरकवायची, की मला सगळं आठवायचं.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझे सांधे जोडले. माझ्या जाहिरातीत लिहिलं होतं की मी सारंगी वाजवीन, पाखरं गायला लावीन. माझ्या पहिल्या मालकाने, लग्नात पोल्का नाचाची गाणी वाजवणाऱ्या एका जाड्याने, माझ्यात कुत्र्याचं भुंकणं भरलं. नाताळच्या गाण्यासाठी! दोन नाताळ मी भुंकलो. मग त्याने मला रे हुडाकला विकलं.

रे तेव्हा बावीस वर्षांचा होता. काळे कपडे, डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या. कारखान्यांची भोंग्यांची गावं तेव्हा एकेक करून मरत होती आणि ही पोरं त्या मरणाचा आवाज वाजवत होती. गिटारीपेक्षा पत्र्यावर, पिंपावर, साखळ्यांवर त्यांचा जीव जास्त. बँडचं नाव स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची फेकून द्यायची मळी. नाव ऐकून रेचा बाप अँड्र्यू म्हणाला होता, "छान. आमच्या गावाने जन्मभर जी मळी फावड्याने फेकली, ती आता माझा पोरगा तिकीट लावून दाखवणार."

अँड्र्यू पत्रा ठोकणारा प्रेस चालवायचा. प्रेस खाली येण्याआधी चालवणाऱ्याने ओरडायचं असतं: "हात!" साच्यात ज्याचे हात असतील त्याने ते काढायचे. सव्वीस वर्षं तो हे ओरडला. एकदाच उशीर झाला आणि तेव्हा गेली ती त्याची स्वतःचीच दोन बोटं.

कारखाना बंद व्हायच्या शेवटच्या दुपारी त्याने रेला आत घेतलं. पहारेकऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं. आता कसले नियम! चार नंबरच्या प्रेसशेजारी मला पिंपावर ठेवलं, वायर जोडली, माइक धरला. अँड्र्यूने आरोळी दिली, "हात!" प्रेस खाली आला. माझं पोट हादरलं, जमीन हादरली. आणि मग, माझ्यात अजून जागा होती म्हणून, पुढचंही आलं. अँड्र्यू हसला. धूळ बसलेल्या छातीतून घरघर करत हसला आणि म्हणाला, "झालं ना पोरा तुझं? चल. आयरीन जेवायची थांबलीय."

बारा सेकंद भरले.

रेने आरोळी आणि ठोका घेतला. त्यावर गाणं उभं केलं. गाण्यात तो आवाज इतका फाडला, इतका भाजला की बापाचा आहे हे बापालाही कळलं नसतं. हसणं आणि आयरीनचं, म्हणजे आपल्या आईचं, नाव त्याने कापलं. गाण्याला त्याचा उपयोग नव्हता. पण फ्लॉपीवर अख्खे बारा सेकंद तसेच होते, स्वच्छ.

गाणं देशभर वाजलं. ते वाजायच्या आधीच अँड्र्यू फुप्फुसाने गेला.

आयरीन दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात इतर बायांबरोबर विकायला पिएरोगी वळायची, बटाटा भरलेल्या करंज्याच म्हणा. तिच्याकडे नवऱ्याचा आवाज कुठेच नव्हता. तो टेलिफोनला हात लावायचा नाही, आणि लग्नातल्या फिल्ममध्येही तो नुसता ओठ हलवतो. रेने तिला बारा सेकंदांबद्दल सांगितलं आणि चूक केली. आशा लावली.

"माझं नाव घेतलंय त्याने?" तिने विचारलं.

"घेतलंय. आणि हसलाय."

"मग लाव की."

"आता मशीन गाडीत आहे, आई. दौरा झाला की."

मित्रांनो, मला कॅसेट-रेकॉर्डरला जोडून ते उतरवायला दहा मिनिटं लागली असती. दहा! तो दौरा झाला, पुढचा झाला, सहा वर्षं झाली. रेला मुलाखती द्यायला वेळ होता. मुलाखतीत तो काय सांगायचा? की माझं संगीत म्हणजे माझ्या बापाचा आवाज. पोरं टाळ्या वाजवायची. आणि ज्या बाईला तो आवाज हवा होता ती तळघरात पीठ मळत होती.

स्लॅगची एक रीत पडली होती. कार्यक्रमाच्या शेवटी रेने अँड्र्यूच्या हातोड्याने एक यंत्र फोडायचं. लोक त्यासाठीच यायचे. त्यासाठी माझ्याच जातीची मेलेली यंत्रं लिलावातून आणायचे, हुबेहूब माझ्यासारखी, आत काही नसलेली. ओळख एवढीच, की माझ्या कपाळावर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. जिवंताला फुली.

एकदा मी गाडीतून उतरवताना पडलो. यंत्रं सांभाळणारा लॉनी क्रेब्स मला उघडून बसला आणि त्याचा चेहरा उतरला. "रे, याचं फ्लॉपी वाचणारं डोकं तिरकं बसलंय. आता हा फ्लॉपी तिरकी लिहितो, तिरकीच वाचतो. जुन्या फ्लॉप्याही मी उसन्या यंत्रावरून वायरीने याच्यात ओतून याच डोक्याने पुन्हा लिहून घेतल्यात, नाहीतर आजचा कार्यक्रम गेला असता. दुसऱ्या कुठल्या यंत्राला आता यातलं अक्षर कळायचं नाही."

"याला कळतंय ना? मग झालं."

"अरे तुझ्या बापाचं आहे त्यात! आजच कॅसेटवर उतरव."

"उद्या, लॉनी. डोकं खाऊ नकोस."

तो उद्या उगवलाच नाही. उगवली ती एक शनिवारची दुपार. घरापासून चाळीस मैलांवर, जत्रेच्या मैदानात कार्यक्रम होता. आयरीन पहिल्यांदा मुलाला ऐकायला आली, चर्चच्या बसने. कानात कापूस, हातात अक्रोडाच्या पोळीचा डबा. मंचामागच्या तंबूत ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हेच का ते? एवढंसं?"

"हेच. थांब, लावतो," रे म्हणाला. खरंच म्हणाला. वायर हातात घेतली होती त्याने. तेवढ्यात मासिकाचा फोटोवाला आत आला.

"तुम्ही, तुमचं यंत्र आणि आई, तिघं हवेत मला. पण ती पट्टी कसली? जखमेवरच्या चिकटपट्टीसारखी दिसतेय."

रेने माझ्या कपाळावरची फुली ओरबाडून काढली, गोळी केली आणि खिशात टाकली. फोटो झाले. बोलावणं आलं. "शो झाल्यावर ऐकवतो, आई. नक्की." लॉनी तेव्हा वायरी ओढत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

शेवटचं गाणं आमचंच. मी आरोळी ओकली, "हात!" तीस हजार पोरांनी मुठी वर केल्या. आयरीन बाजूच्या कठड्याला धरून उभी होती. तिने झटकन दोन्ही हात कठड्यावरून काढले आणि छातीशी घेतले. त्या फाटक्या, भाजलेल्या आवाजातही तिने ओळखला त्याला. त्या मैदानात एकटीने.

मग रे हातोडा घेऊन वळला. दोन सारखी यंत्रं, दोघांच्याही कपाळावर काही नाही. त्याने मला उचलून जमिनीवर आपटलं आणि पहिला घाव घातला. माझ्या पट्ट्या उडाल्या. पण माझा हिरवा दिवा चालू होता. मेलेल्या यंत्रांना दिवा नसतो. रेला तो दिसला. मी शपथेवर सांगतो, दिसला. तो थबकला, हातोडा हवेत राहिला. समोर तीस हजार जण ओरडत होते, "अजून! अजून!"

त्याने बघितलं. आणि तरी मारला.

उरलेले नऊ घाव मोजण्यात अर्थ नाही.

तंबूत आयरीन खुर्चीवर बसून होती, डबा मांडीवर. "लाव आता," ती म्हणाली.

"आई, मशीन गेलं."

"गेलं? कोण घेऊन गेलं? मी काय आंधळी आहे, रेमंड?" मग डबा बाजूला ठेवून, "त्याचाच हातोडा होता ना?"

लॉनीने माझ्या चेपलेल्या तोंडातून फ्लॉपी चिमट्याने काढली. अख्खी होती. पुढे त्याने ती सतरा यंत्रांत घालून पाहिली. सतरा वेळा खरखर. तिरक्या डोक्याने लिहिलेलं वाचणारं एकच डोकं होतं, ते सपाट झालं होतं.

त्या आठवड्यात मासिकाच्या मुखपृष्ठावर आम्ही तिघं आलो.

स्लॅग चार वर्षांत संपला. रेचे कान गेले, मग बायको, मग घर. तो गाड्यांच्या टायरच्या जाहिरातींना ठोके देऊ लागला, नंतर तेही थांबलं. त्याने मला या हॉटेलाला विकलं. इथे तो येत नाही.

आयरीन आली होती, एका मंगळवारी, जेवणाच्या वेळी. आता काठी टेकत चालते. तिने पर्समधून लॉनीने दिलेली ती फ्लॉपी काढली, पदराने पुसावी तशी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने पुसली आणि माझ्या वाकड्या तोंडात हलकेच सरकवली. निम्मी गेली, मग अडकली. तिने जोर लावला, आणि ती आत गेली. ती कान लावून उभी राहिली.

टेबलं पुसणाऱ्या मुलीने लांबून हाक दिली, "हात! हात काढा तिथून, आजी!"

आयरीनने हात काढले, छातीशी घेतले. मग त्या मुलीला म्हणाली, "पुन्हा म्हण बरं." मुलगी घाबरली, मालकाला बोलवायला गेली. तो येईपर्यंत आयरीन निघून गेली होती.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. नाही सांगत. आम्ही मोडतोच. तुमच्या घरात आज कुणी हसत असेल, तर दहा मिनिटं काढा, एवढंच. काढणार नाही तुम्ही. रेलाही माहीत होतं आणि रे काही वाईट नव्हता.

फ्लॉपी अजून माझ्या तोंडात आहे. मला ती गिळता येत नाही आणि ओकताही येत नाही.