दिवा बदलला आणि मी काळा पडलो

मी कापडाच्या दुकानातला लाल मासा बोलतोय. गल्ल्याशेजारी काचेची टाकी आहे ना, तिथून. फुशारकी म्हणा हवं तर, पण माझा लाल असा की एका गिऱ्हाइकानं लाल तागा टाकीला भिडवून पाहिला, आणि तागाच ओशाळून दोन बोटं आखडला.

जन्म मासेवाल्याच्या कुंडात, तीनशे भावंडांत. तिथून मालकांनी मला आणलं, जोडीला परक्या कुळातला एक निळा आणला. त्याला मी निळोबा म्हणतो. शेवटी ती आली. आमच्याच कुळातली, अंगानं करडी, नजरेनं पक्की. आमच्यात रंग नरानं मिरवायचा, पारखायचा मादीनं. माझ्यात आणि निळोबात फरक रंगाचाच. बाकी ठेवण एकच.

पिवळसर दिव्याखाली मी तोंडानं वाळू उपसून खळगा केला, अंग थरथरवून तिच्यापुढे नाचलो. ती खळग्याच्या काठापर्यंत येऊन जायची. मालक म्हणाले, "धीर धर गड्या. तुझं लग्न मी लावून देतो." मी विश्वास ठेवला. रोज दाणे घालणाऱ्यावर नाही ठेवायचा, तर कुणावर?

मग पांढऱ्या कापडाचा माल आला. पिवळ्या उजेडात तो मळका दिसे. मालकांनी दुकानभर निळे दिवे लावले, टाकीवरचाही बदलला. कापड दुधासारखं उजळलं आणि मी कोळसा झालो. रंग अंगात होता तिथंच होता. पण निळ्या उजेडात लालाला उजळायला काही मिळतच नाही. निळोबा मात्र लखलखला.

डबा घेऊन आलेल्या वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, टाकीत डोकावून विचारलं, "अहो, लाल मासा आजारी आहे का?"

"छे. लग्नाचं वय झालंय. तोंड उतरतं या वयात."

"तुमचं नव्हतं उतरलं ते?"

"मला तू उन्हात बघितलं होतंस."

म्हणजे उजेडाची करामत त्यांना ठाऊक होती. तरी हसत जेवायला बसले.

जाणती गिऱ्हाइकं कापड दारात नेऊन उन्हात पाहतात. मला दारात कोण नेणार? मी नाच नाच नाचलो; ती दगडाला वळसा घालावा तशी कडेनं गेली. तिसऱ्या दिवशी ती निळोबाबरोबर खळग्यात उतरली. खळगा कुणाचा, ते सांगायला नको.

आठवड्याभरानं दवाखान्यातल्या सिस्टर त्याच कापडाचा गणवेश घेऊन आल्या. "शेठ, हे फक्त तुमच्याच दुकानात पांढरं असतं का? पेशंट विचारतात, सिस्टर, अंगावर चहा सांडला का?"

मालक खजील झाले. दुपारीच जुने दिवे परत लावले.

एका क्षणात मी पुन्हा लाल. ती समोर आली आणि थबकली. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. पण आमच्या माद्या अंडी तोंडात सांभाळतात. तिचे गाल फुगलेले होते, ओठ घट्ट मिटलेले. आत निळोबाची पोरं.

"बघ, आला की नाही तुझा रंग?" मालक दाणे टाकत म्हणाले.

गेला कधी होता, शेठ?

बाबांनो, कुणाला नाकारण्याआधी डोक्यावरचा दिवा कुणी लावलाय, तेवढं बघा. दाणे तळाशी गेले. मी खात नाही. आणि ती, तिला तोंड उघडता येत नाही.