शनिवारची किल्ली

"माझ्या नातीला तुमीच भाईर काढलंय!" अंबूबाईनं काठी फाटकाच्या गजांतून आत घातली. "मेंढरू मागं राह्यलं तर आमी कळप थांबवतो. आन् तुमी शिकल्याली माणसं कडी घालता?"

फाटकाआड मुख्याध्यापक साहेब हात मागं बांधून उभे होते. अंबूबाईशेजारी दहावीतली अपेक्षा मान खाली घालून. शाळेची घंटा अकराची, आणि पूर्वेकडच्या गावांची गाडी अकरा वाजून तीन मिनिटांनी फलटणच्या स्टँडवर लागते. तिथनं पोरगी पळत आली होती.

"आजी, महिन्यात सातवा खाडा. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. नियम आहे."

"मागल्या सालापातुर एकबी खाडा न्हवता. तवा काय गाडी लौकर यायची व्हय?"

साहेबांनी व्हरांड्याकडं बोट केलं. तिथं स्टुलावर बादशहा घड्याळजी बसला होता आणि त्याची नात नूरीन मांडीवर लॅपटॉप घेऊन पायरीवर. "गेल्या आठवड्यात घड्याळ पुढं पळत होतं, मान्य. आता विचारा त्यांना. सेकंदाला सेकंद बरोबर आहे."

बादशहानं वर पाहिलं. घड्याळ जुनंच, पण पोटातली स्प्रिंग उन्हाळ्यात तुटली आणि तशी कुठं मिळेना. नूरीननं दहाच्या नाण्याएवढी मोटर आणून बसवली. शेजारच्या पट्टीवर चार तांबडे दिवे आळीपाळीनं लुकलुकत. तरी काटा दिवसाला सात मिनिटं पुढं जायचा. मोटरसोबतच्या कागदावर छापलेलं दातेरी चाकांचं प्रमाण पोरीनं खरं मानलं होतं, चौसष्टला एक. शनिवारी बादशहानं मोटर उघडली, डोळ्याला भिंग लावून एकेक दाता मोजला आणि म्हणाला, "चौसष्ट भरत न्हाईत गं. कागद खोटा, दाते खरे." रविवारभर घड्याळ सेकंदभरही पुढं-मागं झालं नाही. चाळीस वर्षांत एवढं खूश त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

आता मात्र तो भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत होता.

दर शनिवारी शाळा सुटली की तो यायचा. रिकाम्या वर्गांतून खडूचा वास, शिपायानं धरलेला स्टूल, हातात पितळी किल्ली. चौदा वेढे द्यायचे. मग काच लावण्याआधी एक बोट मोठ्या काट्यावर.

"साहेब," तो उठला, "ते घड्याळ कवाच बरोबर नव्हतं."

"म्हणजे?"

"मी मागं ठेवायचो. धा मिनिटं. ही आजी आपल्या लेकीला शाळंत सोडायला यायची तवापास्नं. त्या गाडीची पोरं हितं फाटकाशी रडताना बघितली हुती."

अंबूबाईची काठी गजांतून हळूच मागं गेली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही शाळेला खोटी वेळ दाखवत होता?"

"व्हय. तुमच्या आधी सहा साहेब झाले. घंटा काट्यावर पडायची, पोरं आत असायची. कुणाचं काय अडलं?"

"आणि हे मला आज सांगताय?"

"किल्ली हुती तवर कुणाला इचारायला लागत न्हवतं." त्यानं नूरीनकडं पाहिलं. "आता तिला आकडा लिवून द्यावा लागतोय."

नूरीननं लॅपटॉप उघडला. "दादा, किती मिनिटं मागं टाकू?"

"मला नगं इचारू." बादशहा फाटकापाशी गेला, साहेबांच्या अगदी समोर. बाहेर अपेक्षानं मान वर केली होती. "बोला साहेब. पोरगी उभी हाय. किती टाकायचं?"