पाठीवरचा बर्फ

मेहदीने दगडांच्या राशीत सळई खुपसली. ती खणकन धोंड्यावर आपटली. थोडं वर चढून त्याने पुन्हा खुपसली, तिथेही धोंडाच. दर उन्हाळ्यात तो स्कर्दू शहरातून आपल्याच गावावरच्या या हिमनदीचा नकाशा काढायला यायचा, आणि नकाशावरचा निळा पट्टा दरवेळी आखूड व्हायचा. यंदा निळा रंग भरायला जागाच उरली नव्हती.

"बर्फ संपला," यावर नावाचा त्याचा सोबती म्हणाला. "गावाला सांगून टाक. पुढल्या वर्षी पेरू नका, आत्ताच खाली कुठे जागा बघा म्हणावं."

"तू सांग ना."

"वा! गाव तुझं, आजी तुझी, आणि शिव्या मी खाऊ?"

मेहदीला हसू आलं नाही. ही हिमनदी त्याच्या पणजोबांनी लावलेली. गावाच्या समजुतीप्रमाणे नर आणि मादी अशा दोन हिमनद्यांचा बर्फ टोपल्यांतून आणून त्यांनी तो इथे पुरला होता. बर्फ आणणाऱ्याने वाटेत टोपली टेकवायची नाही आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर बर्फ रुजत नाही. पुन्हा बर्फ लावायला हवा, असं म्हातारी माणसं कधीची म्हणत होती. पण ओझं वाहणारं तरुण माणूस गावात राहिलंच नव्हतं.

सोबती तंबू आवरायला मागे थांबला. मोजणी यंत्राच्या पेटीचा पट्टा तुटला होता, म्हणून मेहदीने ते टोपलीत गवत घालून ठेवलं, वर घोंगडी बांधली आणि तो एकटाच उतरू लागला. काय सांगायचं ते मनात जुळवत होता, जुळत नव्हतं.

पहिल्याच घराच्या छपरावर सकीनाआजी जर्दाळूच्या बिया फोडत बसली होती. तिने नातवाला पाहिलं. मग त्याच्या पाठीवरची टोपली पाहिली. दगड हातातून टाकून ती धडपडत खाली आली.

"आजी, वरचा..."

तिने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप! एक शब्द बोलू नकोस, माझ्या राजा. मला ठाऊक होतं, तू आणशील." मग वळून ओरडली, "अरे, बाहेर या! पोरानं बर्फ आणलाय! त्याच्याशी कुणी बोलू नका!"

घराघरांतून फावडी निघाली. म्हातारे भिंतीला धरून उभे राहिले. मेहदीने नकारार्थी मान हलवली, हात हलवले. त्यांनी डोळे पुसत वाट मोकळी केली. आजी पुढे होऊन त्याच्या पायाखालचे खडे वेचू लागली.

टोपलीची दोरी खांद्यात रुतत होती. मेहदीने ती नीट केली आणि तो आजीच्या मागून पुन्हा डोंगर चढू लागला.